लांबण

लांबण लावणाऱ्या माणसांचा मला मनापासून तिटकारा. होता, असं म्हणायला हवं. हे आधीच सांगून टाकतो, कारण या गोष्टीत माझी बाजू फारशी चांगली नाही आणि ती मीच सांगतोय. निदान सुरुवात तरी सरळ असावी.

मी रंगराव शितोळे, वय एकसष्ट. एस.टी.त बत्तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची चौदा वाहतूक नियंत्रक म्हणून. खिडकीबाहेरून प्रवासी विचारणार, 'साहेब, बारामती कधी लागणार?' आपण सांगायचं, 'लागली की दिसेल.' एवढ्यात विषय संपला पाहिजे. निवृत्त झालो आणि दीड महिना घरी बसलो. मग आमच्या इंदुबाईंनीच, म्हणजे सौभाग्यवतींनी, हात जोडून सांगितलं की कुठेतरी नोकरी बघा. मी त्यांना भेंडी कशी चिरावी ते शिकवायला लागलो होतो.

नोकरी लागली हिंजवडीत. आयटी कंपन्यांतल्या लोकांना सकाळी घराजवळून उचलायचं आणि संध्याकाळी परत सोडायचं, अशा बसेस चालवणारी एक कंपनी. साठ गाड्या, सत्तर-एक ड्रायव्हर, आणि कंट्रोल रूममध्ये कानाला हेडफोन लावून बसलेली आठ पोरंपोरी. या सगळ्यांवर मी. कंत्राट वर्षाचं, दर मार्चमध्ये मालक सही करतात तेव्हा पुढचं वर्ष.

आमच्याकडची एक पद्धत सांगतो, कारण सगळं तिच्यावरच घडलं. ऑफिसात कॉम्प्युटर आहे, ड्रायव्हरांच्या समोर मोबाइल लावलेले आहेत, त्यात नकाशा, थांबे, वेळा सगळं दिसतं. आणि ते एकही ड्रायव्हर बघत नाही. थांबा आला की बटण दाबतात, बाकी रस्ता डोक्यात. त्यामुळे एखादा थांबा बदलायचा असेल तर एक चिठ्ठी करायची, तिच्यावर माझी सही घ्यायची आणि ती माझ्या टेबलावरच्या खिळ्याला टोचायची. दुसऱ्या दिवशी पहाटे मी खिळ्यावरच्या चिठ्ठ्या खिशात घालून यार्डाबाहेर सोजरबाईच्या टपरीवर जातो. साडेपाचला सगळे ड्रायव्हर तिथे चहाला असतात. मी मोठ्याने वाचतो, ते 'हो साहेब' म्हणतात, झाला बदल. चहावर सांगितलं नाही तर कॉम्प्युटर काहीही म्हणो, गाडी जुन्याच जागी उभी राहणार. ही पद्धत कुठेही लिहिलेली नाही. लिहायला काय झालं, सगळ्यांना माहीतच आहे, असं मी म्हणायचो.

सगळ्यांना म्हणजे प्रियदर्शनी इंगोले सोडून.

ही मुलगी वाशीमकडची. सहा महिन्यांच्या बोलीवर लागली होती, फोन घ्यायच्या कामाला. कंट्रोल रूममध्ये भिंतीवर एक मोठा पडदा आहे, त्यावर प्रत्येकाचं नाव आणि एका फोनला सरासरी किती वेळ लागतो ते दिसतं. दोन मिनिटांच्या आत असेल तर हिरवं, वर गेलं की लाल. प्रियदर्शनीचं अकरा. एका फोनला अकरा मिनिटं! तेवढ्या वेळात मी अख्खा स्टँड रिकामा केला असता. समोरचा माणूस बोंबलत असायचा आणि ही आपली, 'हो जी... मग?... अच्छा, मग तुम्ही काय केलं?' पोराच्या बारशाची चौकशी करावी तशी. मी तिला सगळ्यांदेखत 'अकरा मिनिटं' म्हणायला लागलो. 'काय अकरा मिनिटं, झालं का बोलून?' पोरं हसायची. ती पण थोडी हसायची. मला वाटायचं, चेष्टा खपवून घेतेय, चांगली आहे.

डिसेंबरात एच.आर.च्या शेफाली मॅडम आठ फॉर्म घेऊन माझ्या केबिनमध्ये आल्या. वय अठ्ठावीस, उत्साह अफाट.

"शितोळे सर, आपण फॉल्ट शोधत नाही आहोत. जे लोक स्ट्रगल करतायत ना, त्यांची स्ट्रेंथ शोधायचीय. बऱ्याचदा माणूस चांगला असतो, फक्त चुकीच्या सीटवर बसलेला असतो."

"मॅडम, सीटचं मला नका सांगू. बत्तीस वर्षं मी दुसरं काय केलं?"

त्या हसल्या आणि फॉर्म ठेवून गेल्या. शेवटचा प्रश्न होता, 'या कर्मचाऱ्याचं सर्वांत मोठं बलस्थान कोणतं?' मी सात फॉर्मवर एका बैठकीत 'वक्तशीर' लिहून टाकलं. त्यात साई नावाचा मुलगा आहे, तो तोवर एकदाही वेळेवर आलेला नव्हता. आठवा फॉर्म प्रियदर्शनीचा. तिथे मात्र मी पेन खाली ठेवलं. उगाच खोटं का लिहा? ती जागा कोरी ठेवून फॉर्म दिला.

शेफाली मॅडमनी तो परत आणला. "सर, जानेवारीअखेर तिचे सहा महिने संपतात. हे ब्लँक राहिलं तर तिला कन्फर्म करता येणार नाही. शेवटच्या शुक्रवारी मीटिंग आहे, तोपर्यंत प्लीज काहीतरी बघा."

"बघतो," मी म्हणालो. आणि बघितलं नाही.

जानेवारीतला एक गुरुवार. संध्याकाळचे साडेसहा. दिवसभर डोकं पिकलं होतं, दोन गाड्या बंद पडल्या होत्या, आणि टेबलावर सह्यांसाठी कागदांचा ढीग. एकेक जण येत होता, मी सही ठोकत होतो. सगळ्यात शेवटी प्रियदर्शनी आली. हातात एक चिठ्ठी.

"सर, तो विश्रांतवाडीचा थांबा आहे न, त्याचं असं झालं, की पहिले मला वाटलं की..."

"सही हवी ना?"

"हो जी, पण पहिले तुम्हाला समजून सांगते. सोमवारपासून..."

"पहिले, मग दुसरे, मग तिसरे. लांबण लावू नकोस बाई. दे इकडे."

मी सही केली. ती क्षणभर उभी राहिली, काहीतरी बोलणार होती. मी हेल्मेट उचललं तेव्हा गेली.

आता सोमवार. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी चांदभाईंचा फोन. चांदभाई आमचे सगळ्यांत जुने ड्रायव्हर, माझ्यासारखेच एस.टी.तून आलेले, जन्म आणि हयात पुण्यात गेलेली, शहरातला प्रत्येक खड्डा नावानिशी ओळखतात. विश्रांतवाडीची गाडी त्यांच्याकडे.

"साहेब, आज थांब्यावर कुणीच नाही."

"कुणीच नाही?"

"एक कुत्रं आहे. घेऊ का?"

"सोमवार आहे, झोपले असतील. दोन मिनिटं थांबा आणि निघा."

"अलीकडे सिग्नलला दहा-बारा जण हात दाखवत होते. आपलेच वाटले. पण तुमची ऑर्डर आहे ना, थांब्याशिवाय ब्रेक नाही मारायचा."

"हात दाखवणाऱ्यांसाठी थांबायला ही एस.टी. आहे का? निघा तुम्ही."

पुढच्या पाच मिनिटांत कंट्रोल रूमचे आठही फोन वाजायला लागले. सिग्नलला हात दाखवणारे खरोखर आपलेच होते. अकरा जण. त्यांना मोबाइलवर निरोप गेला होता की सोमवारपासून थांबा सिग्नलच्या अलीकडे. त्यांच्या डोळ्यांदेखत गाडी पुढे गेली आणि दोनशे पावलांवर रिकाम्या थांब्याशी जाऊन उभी राहिली. ते धावले, तर ती निघाली. नेमका त्या दिवशी त्यांच्या कंपनीत परदेशातून पाहुणे आले होते आणि काम दाखवणारी निम्मी मंडळी या अकरांत. रिक्षा, बस, मिळेल ते धरून पोचले तेव्हा पाहुणे चहा पिऊन, घड्याळ बघून कंटाळले होते. दुपारपर्यंत त्या कंपनीचं पत्र आमच्या मालकांच्या हातात. जबाबदार कोण, त्याचं नाव आठ दिवसांत कळवा, नाहीतर पुढच्या वर्षी दुसऱ्या बसेस बघू.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कॉम्प्युटरात बघितलं तर बदल करणारीचं नाव प्रियदर्शनी इंगोले. कंट्रोल रूमच्या मधोमध उभा राहून मी जो तोंडाचा पट्टा सोडला, तो आठवला की आजही कानशिलं तापतात. कुणाला विचारून थांबा हलवला, फोन धड घेता येत नाही आणि रस्ते बदलायला निघाली, अक्कल गहाण टाकलीस का. सगळं बोललो. ती उभी होती. हातात हेडफोनची वायर गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत होती.

"चूक झाली सर," ती शेवटी म्हणाली. "मला चिठ्ठी खिळ्याला लावायची असते हे माहीत नव्हतं. मी फाइलला लावली."

मी तेवढंच ऐकलं, 'चूक झाली'. चिठ्ठी म्हटल्यावर तिच्यावर सही कुणाची असणार, हा विचार माझ्या डोक्याला शिवलासुद्धा नाही. गुरुवारी ज्या कागदांवर सह्या केल्या त्यातला एकही मी वाचला नव्हता. मग आठवणार काय, कपाळ!

"शुक्रवारी मीटिंग आहे. तुझ्या सामानाचं बघून ठेव," मी म्हणालो.

संध्याकाळी घरी आलो तो धुमसतच. आम्ही विश्रांतवाडीतच राहतो. इंदुबाई पोळ्या करत होत्या. मी सगळं रामायण सांगितलं, कुठलीशी मुलगी येते काय, वर्षानुवर्षांचा थांबा उचलून दुसरीकडे ठेवते काय.

"कुठला थांबा हो? पेट्रोल पंपासमोरचा?"

"हो."

"मग बरं केलं की तिने."

"काय बरं केलं!"

"अहो, सगळी वस्ती रस्त्याच्या या बाजूला. थांबा त्या बाजूला. मधे दुभाजक, त्याला गजांची जाळी. बस समोर उभी दिसते, पण ओलांडायचं कुठून? सिग्नलपर्यंत मागे जायचं, ओलांडायचं आणि परत तेवढंच पुढे यायचं. बायका पळत असतात रोज. मी गुडघ्याच्या डॉक्टरांकडे जाते ना, तो दवाखाना तिथेच आहे. तीन वर्षं सांगतेय तुम्हाला की तो वळसा मला झेपत नाही."

"तू कधी सांगितलंस?"

त्यांनी पोळी तव्यावर टाकली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "सांगायला लागले की तुम्ही म्हणता, लांबण लावू नकोस."

मी स्वयंपाकघरातून बाहेर आलो.  रोज मी स्कूटरवरून त्याच जागेवरून जातो. स्कूटर पन्नास पावलं उलट्या दिशेने घातली की काम होतं, आणि तेवढं पुण्यात नियमात बसतं असं धरून चालतात. मला दुभाजक कधी आडवा आलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी स्कूटर वस्तीच्या फाटकाशी लावली आणि घड्याळ बघून चालत निघालो. फाटकापासून सिग्नल, सिग्नल सुटेपर्यंत उभं राहणं, मग पलीकडून पेट्रोल पंप. सव्वासहा मिनिटं, माझ्या पायांनी. आणि पूर्ण वेळ तो थांबा समोर दिसत असतो. आपली बस तिथून निघून जाताना बघत आपण जाळीच्या अलीकडे उभं राहायचं म्हणजे काय होत असेल, हे मला त्या सकाळी कळलं. मला वाईट वाटलं. अगदी साधं, पोटातून वाईट वाटलं.

ऑफिसात गेलो आणि प्रियदर्शनीला केबिनमध्ये बोलावलं. ती आली ती राजीनाम्याची तयारी करूनच आल्यासारखी, पर्स खांद्याला.

"बस," मी म्हणालो. "हे तुला कसं कळलं? दुभाजकाचं?"

तिने पर्समधून एक दोनशे पानी वही काढली. प्रत्येक फोन त्यात लिहिलेला होता. कुणाचा, कुठून, काय म्हणणं, आणि खाली दुसऱ्या रंगाच्या पेनने एक ओळ. विश्रांतवाडीच्या पानावर दोन महिन्यांत त्रेचाळीस तक्रारी, सगळ्या एकच, 'बस लवकर निघते.' आमच्याकडे याचं उत्तर ठरलेलं आहे. 'बस वेळेवरच आहे, आपण पाच मिनिटं आधी यावं.' पंधरा सेकंदांचं काम, पडद्यावर हिरवं. या मुलीने प्रत्येकाला विचारलं होतं, 'तुम्ही कुठून चालत येता?' आणि खाली दुसऱ्या पेनने लिहिलं होतं, 'सगळे पलीकडचे. बस लवकर निघत नाही, बस दिसते पण पोचता येत नाही.'

मी पानं उलटत राहिलो. असे आणखी नऊ थांबे होते. एके ठिकाणी दिवा नव्हता, एके ठिकाणी गाडी नेमकी गटाराच्या तोंडाशी उभी राहायची.

"आणि ती चिठ्ठी?"

तिने फाइल आणून दिली. चिठ्ठी नीट भोकं पाडून, तारीख-वेळ घालून लावलेली. खाली माझी सही. माझ्या सहीला शेवटी एक मोठा फराटा असतो, एस.टी.पासूनचा. तो अख्ख्या कागदावरून गेला होता.

मी तो फराटा दोनदा निरखून बघितला.

"तू बोलली का नाहीस, की सही माझी आहे?"

"सांगायला आले होते न सर. गुरुवारीच."

"अगं पण सोमवारी? मी एवढा बोललो तुला!"

तिने वही स्वतःकडे ओढली. मग म्हणाली, "माणूस ओरडत असला की मी मधे बोलत नाही जी. फोनवर पण तसंच आहे. तो पहिले संपू द्यावा लागतो. सगळं ओरडून झालं, की मग खरं काय झालं ते हळूच सांगतो." तिने वहीचा कोपरा सरळ केला. "तुम्ही संपलेच नाही सर."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. ती टोमणा मारत नव्हती, हेच जास्त लागलं. टोमणा असता तर मी परतवला असता, पुण्यात आयुष्य गेलंय.

"ही माझी तिसरी नोकरी आहे," ती म्हणाली. "पहिल्या दोन्हीकडे पण सहा महिन्यांतच काढलं. हळू आहे म्हणून. आता मलाच वाटाले लागलं सर, की माझ्यात काहीच नाही. हळू असणं म्हणजे काही गुण नाही न. घरी विचारतात काहून काढलं, तर काय सांगू ते समजत नाही."

तिचे डोळे भरले होते.  मी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि म्हणालो, "जा, काम कर."

ती गेली. फाइल माझ्याचकडे राहिली.

आता खरं सांगतो. मी ती चिठ्ठी फाइलमधून काढली आणि घडी घालून खिशात ठेवली. कॉम्प्युटरात नाव तिचं. सहीचा कागद जगात हा एकच. ती स्वतः बोलणार नाही, हे आता मला पक्कं ठाऊक होतं. आणि दोन महिन्यांवर मार्च. एकसष्टाव्या वर्षी कोण नोकरी देतं? परत घरी बसायचं आणि भेंडीवर लक्ष ठेवायचं? मंगळवार गेला, बुधवार गेला. पहाटे सोजरबाईच्या टपरीवर मी बाकीच्या चिठ्ठ्या वाचत होतो आणि खिशात बोटांना ती एक लागत होती. गुरुवारी चांदभाई म्हणाले, "साहेब, त्या सिग्नलवाल्या थांब्याचं काय करायचं? जागा चांगली आहे ती. मी तर कधीचा म्हणतोय."

"कुणाला म्हणताय?"

"मनात," चांदभाई म्हणाले. "विचारलं कुणी?"

शुक्रवारी दुपारी तीनला मीटिंग. मालक नागोराव, शेफाली मॅडम आणि मी. नागोराव स्वतः ट्रक चालवत वर आलेले, बोलणं मोजकं. शेफाली मॅडमनी प्रियदर्शनीचा फॉर्म काढला. शेवटची जागा अजून कोरी होती.

"त्या कंपनीला नाव कळवायचंय," नागोराव म्हणाले. "या मुलीचं लिहितो आणि तिला मोकळं करू. शितोळे, तुमचं काय म्हणणं?"

मला भीती वाटली. उगाच कशाला लपवू?  मी खिशातली चिठ्ठी काढली, टेबलावर उलगडली आणि म्हणालो, "नाव माझं लिहा. सही माझी आहे. ती समजावून सांगत होती, मी ऐकलं नाही. चिठ्ठी खिळ्याला लावायची हेही तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायचं काम माझंच होतं. थांबा तिने हलवला ते बरोबरच केलं. तुम्ही उद्या जाऊन चालून बघा, सव्वासहा मिनिटं लागतात."

 नागोराव त्या फराट्याकडे बघत होते.

"हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"मंगळवारपासून."

"आज शुक्रवार," ते म्हणाले. "तुमच्या वयाच्या माणसाला मी आता काय बोलू, शितोळे?"

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर चाललं असतं.

मी प्रियदर्शनीचा फॉर्म ओढला आणि कोऱ्या जागेत लिहिलं, 'माणसाचं बोलणं संपेपर्यंत ऐकते. त्यामुळे तिला खरं कारण कळतं. आपल्याकडे हे दुसऱ्या कुणालाही येत नाही, मलाही नाही.' खाली सही केली. या वेळी आधी वाचून. शेफाली मॅडमनी तो फॉर्म दोनदा वाचला आणि फाइलमध्ये ठेवला.

त्या कंपनीला माझं नाव गेलं. माझी केबिनही गेली. प्रियदर्शनी कायम झाली, पण फोनवर नाही. आता थांबे आणि मार्ग ती बघते. पहाटे साडेपाचला सोजरबाईच्या टपरीवर चिठ्ठ्या तीच वाचते. वाचून झाल्यावर निघून येत नाही, चहा घेऊन बाकावर बसते आणि ड्रायव्हरांना विचारते, 'तुम्हाला काय दिसते रस्त्यात?' पहिल्याच आठवड्यात चांदभाईंनी तिला एवढं सांगितलं की वहीची बावीस पानं भरली. वीस वर्षं मी त्यांच्यासोबत चहा पितोय, म्हणजे एस.टी.तल्या माझ्या वेळेपासून, आणि मला त्यांनी फक्त 'हो साहेब' एवढंच सांगितलं होतं.

आणि मी? नव्वद दिवस 'सुधारणा' म्हणून मला प्रियदर्शनीच्या रिकाम्या खुर्चीवर बसवलंय. कानाला हेडफोन. साईने तो नीट लावायला शिकवला, त्याच दिवशी तो वेळेवर आला होता. मार्चचं काय होईल ते अजून मालकांनी सांगितलेलं नाही, मी विचारलेलंही नाही.

पहिल्या आठवड्यात भिंतीवर माझं नाव ठसठशीत हिरवं. अठ्ठेचाळीस सेकंद! मी खूश. प्रियदर्शनी जाता जाता थांबली आणि म्हणाली, "सर, तुमच्याशी बोलून झालं की लोक परत फोन करतात. दुसऱ्याला सांगतात. त्यांचं राहिलेलं असते."

काल संध्याकाळी एक फोन आला. नजमा शेख नावाच्या बाई, कोंढव्याच्या गाडीच्या. सुरुवातच आरड्याओरड्याने. तुमचा ड्रायव्हर आंधळा आहे का, मी दाराशी असते आणि तो गाडी काढतो, तिसरी वेळ आहे ही. माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं, 'मॅडम, पाच मिनिटं आधी यावं.' मी दात आवळले. टेबलाची कड धरून बसलो, खरंच सांगतो. त्या बोलत राहिल्या. चार मिनिटं झाली, सहा झाली. मग आवाज खाली आला. मी म्हणालो, "मग?" तेवढंच.

आणि त्या म्हणाल्या, की मागच्या वर्षी त्यांच्या पायाचं ऑपरेशन झालंय. गाडीची पहिली पायरी फार उंच आहे. चढायला जमतं, पण आधी एकदा खोल श्वास घ्यावा लागतो, म्हणून त्या दाराशी थांबतात. ड्रायव्हरला वाटतं, नुसत्याच उभ्या आहेत. सगळ्यांसमोर कसं सांगायचं, म्हणून कधी सांगितलं नाही.

"उद्यापासून दाराशी एक पाटासारखी पायरी ठेवायला सांगतो," मी म्हणालो. "आणि तुम्ही तुमचा वेळ घ्या."

त्या म्हणाल्या, "थँक्यू भाऊ," आणि फोन ठेवला. भिंतीवर माझं नाव लाल झालं होतं. "सर, अकरा मिनिटं!" साई ओरडला. पोरं हसली. मीही हसलो.

घरी आलो तेव्हा इंदुबाई गॅलरीत बसल्या होत्या, पाय लांब करून, गुडघ्याला तेल लावत. मी हातपाय धुतले आणि त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसलो.

"काय झालं?" त्यांनी विचारलं. "बरं वाटत नाही का?"

"मी ठीक आहे. तुझ्या गुडघ्याचं सांग."

"काय सांगू?"

"सगळं. पहिल्यापासून."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, तेलाची वाटी बाजूला ठेवली आणि तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीपासून सुरुवात केली.